गिरणीच्या पायरीवरचे आवाज

सुमन,

तुझं नाव मला परवा कळलं. तू गेलीस त्याच्या पाचव्या दिवशी. सात-आठ वर्षं तू माझ्या दुकानासमोर बसलीस, आणि तुला नाव असेल असं माझ्या मनातही आलं नाही. गल्लीत तुला कोणी 'गिरणीवाली' म्हणायचं, कोणी 'पागल'. मी जो अर्ज टाईप केला त्यात तू 'सदर महिला' होतीस. आणि अमरावतीच्या निवाऱ्यातल्या रजिस्टरमध्ये शेवटपर्यंत 'अनोळखी'.

तुला 'तू' म्हणतो आहे. माझ्याहून तू पाच-सहा वर्षांनी मोठी होतीस, तेही परवाच समजलं. पण आता 'तुम्ही' म्हणायला गेलो तर ते तुझ्याशी बोलल्यासारखं वाटणार नाही. आणि मला तुझ्याशी बोलायचं आहे. तू होतीस तेव्हा जमलं नाही, कारण तुझ्याशी जे बोलावं ते तू जसंच्या तसं परत द्यायचीस. आता परत काही येणार नाही. लिहिताना मी तरीही मध्येमध्ये थांबून कानोसा घेतो आहे.

तू गल्लीत नेमकी कधी आलीस हे कोणालाच सांगता येत नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीत माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान, आणि समोर बंद पडलेली पिठाची गिरणी. गिरणीला तीन पायऱ्या. एके दिवशी मधल्या पायरीवर तू होतीस. पहिले आठ दिवस लोकांनी चौकशी केली, कुठची, कोणाची, काही सांगत का नाही. मग चौकशी थांबली. माणूस रोज एकाच जागी दिसला की हळूहळू दिसेनासा होतो. तुझ्या पायांवरून लोक पिशव्या उचलून न्यायचे, तुझ्या अंगावर सावली पाडून उभे राहायचे, आणि त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, पायरीवर कोणी नव्हतं.

गिरणीची पायरी ही आमच्या गल्लीतली एकच सावलीची जागा. त्यामुळे फोन आला की माणसं तिथं जायची. घरात जे बोलता येत नाही ते तिथं बोलायची. सुनेबद्दल, वाटणीबद्दल, दवाखान्यातल्या रिपोर्टबद्दल. कोणी ऐकू नये म्हणून लोक तुझ्याजवळ येऊन बोलायचे. मीही आलो आहे.

फक्त माझी आई तुझ्याशी बोलायची. दुपारी तीन वाजता ती दोन ग्लास चहा घेऊन दुकानातून पलीकडे जायची. एक ग्लास तुला, एक तिला. वरच्या पायरीवर बसून पाऊण तास तिचा आवाज चालू असायचा. मी प्रिंटरच्या आवाजात काही ऐकलं नाही. एकदा मी तिला म्हटलं, "आई, ती पागल आहे. तिच्याशी काय बोलतेस रोज?"

"पागल काहून म्हनतं तिले? सारं आयकते ते."

"ऐकते, पण बोलते का?"

आईनं पदरानं ग्लास पुसला आणि म्हणाली, "बोलते न. तुमाले आयकू येत नाही."

मला वाटलं, म्हातारपण. आमचा तो वाद तिथंच राहिला. त्या हिवाळ्यात आई गेली. तेरवीला गल्लीतल्या सगळ्यांना बोलावणं होतं. पंगत बसली तेव्हा तू समोर पायरीवर होतीस आणि तुझ्याकडे पान न्यायचं माझ्या लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं. मी बाहेर पाहिलं आणि पडदा सारखा केला. तीनचा चहाही बंद झाला.

त्यानंतर तू मोठ्यानं बोलायला लागलीस.

पहिल्यांदा ऐकलं ते गिरणीशेजारच्या निर्मलाकाकूंच्या सुनेनं. एप्रिलची दुपार, बाराचा सुमार. आमच्याकडे त्या वेळी गल्लीत कुत्रंही फिरत नाही. सगळी दारं लोटलेली, कूलर सुरू, आणि बाहेर पांढरं ऊन. निर्मलाकाकू आणि त्यांची सून ओट्यावर पापड वाळत घालत होत्या. इतक्यात सुनेला सासूचा आवाज आला, पाठीमागून, गिरणीकडून. "हिले पोर झालं नाही तं मी पोराचं दुसरं लगन करून देतो. तोंडावर काई म्हनत नाही मी, पन मनात ठरवून ठेवलं हाये." सून वळली. सासू तर समोर उभी होती, हातात पापड, तोंड मिटलेलं. आणि आवाज तिचाच, तोच खोकला, वाक्याच्या शेवटी तोच ओढून घेतलेला श्वास.

मी दुकानातून पाहिलं तेव्हा दोघी बायका तशाच उभ्या होत्या, तुझ्याकडे बघत. इतक्या वर्षांत तुझ्याकडे कोणी असं बघितलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. तू मांडीवरची चिंधी दुमडत होतीस.

सून दुसऱ्या दिवशी बार्शीटाकळीला माहेरी गेली. आणि गल्लीत सुरू झालं. कोणी म्हणालं, गिरणीवालीच्या अंगात येतं. दुसऱ्या आठवड्यात तुझ्या पायरीवर नारळ, हळद, उदबत्त्या. ज्यांनी तुला कधी पाणी दिलं नाही त्या बायका पदर डोक्यावर घेऊन तुझ्यासमोर बसल्या. "माय, माह्या पोराची नोकरी लागन का?" एकीनं विचारलं. तू तिच्याकडे पाहिलंस आणि तिच्याच आवाजात म्हणालीस, "माय, माह्या पोराची नोकरी लागन का?" मग थोड्या वेळानं, त्याच आवाजात, तीच बाई सहा महिन्यांपूर्वी त्याच पायरीवर फोनवर जे बोलली होती ते. बाई उठली ती पाय जमिनीला न लागल्यासारखी पळाली.

देवी फार दिवस टिकली नाही. पंधरा दिवसांत नारळ थांबले आणि भीती उरली. लोक पायरीसमोरून जाताना तोंडावर रुमाल धरू लागले. किराणावाल्या बंडूशेठनं पायरीवर जळकं ऑईल ओतून पाहिलं. तू खालच्या पायरीवर सरकलीस. त्यानं गिऱ्हाईकांना सांगितलं, "चोरटी असन. घराघरातलं जमा करून राहिली." कोणी म्हणे कोणीतरी मुद्दाम आणून बसवलेली हेर आहे, कोणी म्हणे करणी. तू आमच्या बोलण्यात पदरचं एक अक्षर वाढवलं नव्हतंस, आणि तेच कोणाला सहन होईना. मलाही.

माझं कारण मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आज तुला सांगतो.

मे महिना होता. लाईट गेली होती. दुकानातले पंखे थांबले, मशीन बंद, गल्ली सुन्न. घड्याळात तीन वाजायला आले होते. आणि मला आई ऐकू आली.

"विलास, चहा झाला का रे? तिलेबी दे थोडा."

मी 'हो' म्हणालो. तोंडातून निघून गेलं. उठून आतल्या स्टोव्हकडे दोन पावलं गेलोसुद्धा. मग भिंत धरून थांबलो. आई जाऊन पाच महिने झाले होते. पुन्हा तोच आवाज, जरा चिडलेला, मी पहिल्या हाकेला उत्तर दिलं नाही की ती चिडायची तसा. "आयकू येत नाही का तुले? कवाची आवाज देऊन राहिली."

मी बाहेर पाहिलं. उन्हापलीकडे पायरीवर तू, मान खाली. तुझे ओठ हलत होते. आईच्या आवाजाला तुझे ओठ लागलेले होते. मी शटर ओढून घेतलं आणि अंधारात घामाघूम बसून राहिलो. बाहेरून आई मला हाक मारत होती आणि मी कान दाबून बसलो होतो.

चार दिवसांनी गल्लीतली माणसं अर्ज टाईप करून घ्यायला आली तेव्हा मी एकाही शब्दाला आडवा गेलो नाही. उलट भाषा मीच दिली. त्यांना नुसतं 'पागल बाई हटवा' एवढंच म्हणायचं होतं. 'सदर महिला अत्यंत अस्वच्छ असून परिसरातील महिला व बालकांमध्ये भीतीचे वातावरण निर्माण झाले आहे. तरी सदर महिलेस तात्काळ अन्यत्र हलविण्यात यावे.' ही वाक्यं माझी. दारात सगळे उभे, मी तपासण्यासाठी मोठ्यानं वाचून दाखवलं. बंडूशेठ म्हणाला, "वा, विलासभाऊ, एकदम वजनदार." सह्या झाल्या. शेवटची माझी. बालकं घाबरली नव्हती, सुमन. घाबरलो होतो मी, पन्नाशी उलटलेला बाप्या.

महापालिकेची गाडी एके सकाळी दहाला आली. दोन बायका आणि एक माणूस. तू आढेवेढे घेतले नाहीस. चिंध्यांचं गाठोडं उचललंस आणि स्वतः चालत गेलीस. सगळी गल्ली ओट्यांवर उभी होती, कोणी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतं. गाडीच्या पायरीवर पाय ठेवताना तू बोललीस. स्वच्छ, जड, एकेक शब्द तोलून. "सदर महिला अत्यंत अस्वच्छ असून." माझा आवाज. माझी ती सरकारी कागद वाचतानाची लकब, स्वल्पविरामावर थांबण्याची सवय. "भीतीचे वातावरण निर्माण झाले आहे." लोकांनी आधी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली मान घालून कागद मोजायला लागलो. कोरे कागद.

गाडीतल्या माणसाला मी विचारलं, "कुठं नेता?"

"वरून सांगतीन तिकडं," तो म्हणाला. "तुमाले इथून हटवून पायजे होतं न? हटवलं."

तुला हद्दीबाहेर, मोठ्या रस्त्यावर सोडून दिलं असं नंतर कानावर आलं. खरं-खोटं माहीत नाही. मी जाऊन विचारलं नाही.

पायऱ्यांवर मग लोखंडी अँगल ठोकले, टोकं वर करून, म्हणजे पुन्हा कोणी बसू नये. तुला वाटेल गल्ली मोकळी झाली असेल. नाही झाली. लोक अजून गिरणीसमोर आले की आवाज खाली घेतात. फोन आला तर वर गच्चीत जातात. निर्मलाकाकू म्हणतात, दुपारी कूलर बंद केला की त्यांना स्वतःचा खोकला बाहेरून ऐकू येतो. मी हसलो नाही. मीही तीन वाजता कानोसा घेत होतो. पहिल्यांदा भीतीनं. मग, कधी बदललं कळलं नाही, वाट पाहत. माझ्याकडे आईचे फोटो आहेत, तिच्या हातचं लोणचं संपलं तरी बरणी आहे. तिचा आवाज कुठेच नाही. मोबाईलवर एक ओळ नाही. तो फक्त तुझ्याकडे होता, आणि तुला मी अर्ज लिहून घालवलं होतं.

नऊ-दहा महिन्यांनी भाचीच्या साखरपुड्याला अमरावतीला गेलो. बस स्टँडबाहेर पडलो, उसाच्या रसाच्या गाडीपाशी जरा थांबलो. मार्चचं ऊन, अकराचा सुमार.

"टोपी घाल रे विलास. ऊन लागते."

मी वळलो नाही. वळायला वेळ लागला. मग पाहिलं. कुंपणाच्या भिंतीशी, कडुनिंबाखाली तू. वाळलीस किती! केस कोणीतरी कापून टाकलेले. तू माझ्याकडे पाहत होतीस की माझ्यातून पलीकडे, हे मला सांगता येणार नाही.

मी नवा सदरा घालून होतो. तरी तुझ्याजवळ जमिनीवर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रसवाला ओरडला, "ओ भाऊ, तिथं बसू नका, डोकं फिरेल आहे ते." मी बसून राहिलो तसा त्यानं दुसरीकडे तोंड केलं.

आणि तू सांगायला लागलीस. आईचा आवाज, तीन वाजताच्या चहाचा. ती पायरीवर बसून तुला काय सांगायची ते मी त्या दिवशी ऐकलं. दवाखान्यात नेणार म्हटल्यावर तिला किती भीती वाटली होती. "पोराले नाही सांगत मी. तो लगेच तोंड पाडते." बाबा गेल्यावर ती दोन महिने कशी झोपली नव्हती. लहानपणी तिला सायकल शिकायची होती. मग थोडं थांबून, चहाचा घोट घेतल्यासारखं करून, "माहा विलास चांगला हाये. पन मान वर करून कोनाकडं पाहत नाही तो. कागदातच पाह्यते."

मी रडत होतो. किती वेळ गेला माहीत नाही. मान वर केली तेव्हा एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. बस स्टँडची सगळी गर्दी समोरून चालली होती आणि एकाचीही नजर माझ्यावर थांबत नव्हती. एक बाई मुलीला ओढून आपल्या दोघांपासून दूर घेऊन गेली. त्या मुलीनं पाहिलं, बाईनं नाही. मग माझे मेव्हणे आले. मलाच घ्यायला आले होते. पाच-सात हातांवरून गेले, चोहीकडे शोधत. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून फिरली आणि पुढे गेली. मी 'दाजी' म्हणालो. आवाज निघाला की नाही कोण जाणे. ते मोबाईल कानाला लावून निघून गेले आणि माझ्या खिशात फोन वाजत राहिला. नवा सदरा, खिशात वाजणारा फोन, सख्खे मेव्हणे, आणि मी त्यांना दिसलो नाही. दिसेनासं व्हायला भिंतीशी जमिनीवर अर्धा तास बसणं पुरतं, सुमन. तू ते किती वर्षं केलंस!

साखरपुड्याला मी पोचलो नाही. बहीण अजून बोलत नाही माझ्याशी.

गावाबाहेर मालतीताईंचा निवारा आहे असं रसवाल्यानंच सांगितलं, बहुतेक आपण दोघांनी तिथून उठावं म्हणून. मी तुला रिक्षातून तिथं नेलं. मालतीताई नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर घराच्या मागच्या खोल्यांत अशा बायका ठेवतात. त्यांनी तुला आंघोळ घातली, लुगडं दिलं, आणि माझ्यापुढे फॉर्म ठेवला. 'आणणाऱ्याचे रुग्णाशी नाते.' आयुष्यभर लोकांचे फॉर्म भरले, त्या एका रकान्यापाशी माझं पेन अडलं. शेवटी 'शेजारी' लिहिलं. मालतीताईंनी वाचलं आणि विचारलं, "मग इतके दिवस कुठं होते शेजारी?"

त्यानंतर मी दर महिन्याला येत होतो. एकही महिना चुकवला नाही, बस पकडून, तुझ्यासाठी संत्री घेऊन. मालतीताई इतरांना सांगायच्या, पाहा, परका माणूस कसा येतो. ती स्तुती मी ऐकून घेतली. पण तुला तर माहीत होतं. मी तुला भेटायला येतच नव्हतो. मी आईला ऐकायला यायचो. तुझ्यासमोर खुर्ची ओढून बसायचो आणि वाट पाहायचो, रेडिओ लावून बसल्यासारखी. तू बंडूशेठ झालीस, काकू झालीस, की मी अस्वस्थ व्हायचो. आई झालीस की डोळे मिटायचो. तुला काय खावंसं वाटतं, पाय का सुजलेत, हे मालतीताई विचारायच्या.

एकदा त्या दारात उभ्या राहून बोलल्या. "तुमी तिच्याकून आयकतच बसता. तिच्याशी बोला न काही."

"बोललो तर माझंच परत देते."

"देऊ द्या. तरी बोला."

मग मी बोललो. म्हटलं, "माझं चुकलं. अर्ज मी लिहिला. मला माफ कर." तू माझ्याकडे पाहिलंस, थेट, आणि माझ्या आवाजात म्हणालीस, "माझं चुकलं. अर्ज मी लिहिला. मला माफ कर." तुझ्या तोंडून मी माझी माफी मागत होतो. ते ऐकवेना. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. ते भांडण आपलं तसंच राहिलं. तू रागावली होतीस की नाही, एवढं एक मला हवं होतं.

गेल्या आठवड्यात तुला ताप भरला. मी येऊन गेलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मालतीताईंचा फोन आला. फॉर्मवर माझा नंबर होता. तुला आम्ही चौघांनी नेलं. अग्नी मी दिला. तुझ्या पायांच्या भेगा तेवढ्या माझ्या ओळखीच्या होत्या, त्या मी आठ वर्षं काउंटरवरून पाहिल्या होत्या. तू इतकी गप्प कधी नव्हतीस.

मालतीताईंनी तुझा फोटो सगळीकडे पाठवला होता. परवा माझ्या दुकानासमोर एक म्हातारा उभा राहिला. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. तेल्हाऱ्याकडचा, म्हणाला. घरची कपाशीची शेती. फोटो दाखवला. "हे माही बहीन. सुमन."

मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. ते बराच वेळ गिरणीच्या पायऱ्यांकडे, त्या वर आलेल्या लोखंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते बाई फोनवर म्हने, तुमची बहीन लय बोलायची. काईतरी चुकलं असन. आमची सुमन मुकी हाये."

"जन्मापासून?" मी विचारलं.

"जन्माची नाही. बारा वर्साची होती तवापासून. लहानपनी लय बडबडी. अन जे आयकन ते बोलून दाखवे, ज्याचं त्याच्या आवाजात. सारे हसत. मंग एक दिवस माह्या लग्नाचे पाव्हने आले. बाप घरात त्यायच्याबद्दल काय बोलला होता ते हिनं बापाच्याच आवाजात भर बैठकीत बोलून टाकलं. पाव्हने उठून गेले. बापानं तिले कापसाच्या खोलीत कोंडलं. सकायपासून तं दिवस बुडेपरेंत. काढली तवा तिच्या नाकातोंडात कापूस. तवापासून एक शब्द नाही. चाळीसेक वर्सं घरात काम करत होती, खाली मान. माय मेली अन हे निघून गेली. आमी शोधलं." त्यांनी टोपी काढली. "लय नाही शोधलं."

मग त्यांनी मला विचारलं, "तुमी तिचा आवाज आयकला. कसा होता जी?"

मी सांगायला तोंड उघडलं. आणि मला कळलं की मला माहीत नाही. मी निर्मलाकाकूंचा आवाज ऐकला होता, आईचा, माझा. तुझा कोणता? मी मागं जात राहिलो, एकेक भेट आठवत. आणि शेवटच्या भेटीपाशी थांबलो.

त्या दिवशी तू खाटेवर होतीस, भिंतीकडे तोंड करून. कपाळ तापलेलं. दुपार होती, बाकीच्या बायका झोपलेल्या. मी तासभर बसलो, आई आली नाही. मी पिशवी उचलली. दाराशी पोचलो तेव्हा खाटेवरून एक आवाज आला. तो मी आधी कधी ऐकलेला नव्हता. लहान मुलीचा, बारीक, तोंडात काहीतरी भरल्यासारखा दबलेला. मागं वळून पाहण्याची हिंमत झाली नाही इतका तो जवळून आला.

ते शब्द मी त्यांना सांगितले. "दादा, दार उघड न. मी नाही सांगत आता कोनाले."

म्हाताऱ्यांनी पिशवी छातीशी धरली.

"कडी बाहेरून होती," ते म्हणाले. "माह्या हाताला येत होती. मी अठरा वर्साचा. बापाच्या भेवानं नाही उघडली. दुपारभर मी भिंतीच्या इकडं बसून आयकत होतो. हेच म्हने ते. हेच." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "अन तुमी? तुमी काय म्हनलं तिले?"

मी काहीच म्हटलं नव्हतं, सुमन. माझी बस सुटायची वेळ झाली होती. आणि मला वाटलं, हाही दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज असेल.